वाळूच्या गोण्या

आर्वो गेल्यावर त्याच्या बायकोला, आयलीला, सगळे सांगत होते, मोठी जीप घे. तिने मात्र आमच्या हॅनकॉक गावच्या बर्फातही त्याची ती दोन सीटची, टप उघडणारी चिमुकली गाडीच ठेवली. शेवटी मीच शेजारधर्म म्हणून वाळूच्या दोन गोण्या घेऊन गेलो.

“डिकीत टाक गं बाई. वजन नसलं की हे खेळणं चढावर घसरतं.”

“आर्वो शेजारी बसायचा तेव्हा कधी घसरलं?”

“अगं, तो एकटाच चार गोण्यांचा होता! तू बघ, काडीसारखी.”

तिने गोण्या माझ्या पायाशीच राहू दिल्या, शेजारच्या रिकाम्या सीटचा हीटर लावला आणि जराही न घसरता चर्चचा चढ चढून गेली.



ताज्या बर्फात तिच्या बाजूच्या चाकांचा माग जेमतेम उमटला होता. आर्वोच्या बाजूचा थेट डांबरापर्यंत रुतला होता.