डोळ्याची उंची

“मेण लावत होतात, तरी दोरीचे धागे पिंजलेच. दोरी लांबली की बाण भरकटणारच,” असं म्हणत धनुष्य दुरुस्त करणाऱ्याने नवी दोरी चढवली. आता तिच्यात नेम धरताना जिच्यातून बघायचं ती बारीक कडी बांधायची होती.

“काका, दोरी ओढून धरा. तुमच्या डोळ्यासमोर खूण करतो.”

काकांनी दोरी ओढली. “जरा खाली घे.”

त्याने घेतली.

“अजून बोटभर.”

“अहो, मग मान वाकवल्याशिवाय तुम्हाला समोरचं दिसायचंच नाही!”

“जुनीतून तरी कुठे दिसत होतं? पोरीच्या डोळ्याला बांधलेली होती ती. पोर गेली, धनुष्य राहिलं.” काकांनी मान वाकवली. “हां, इथेच बांध. इथूनच बघायची ती.”