उशिराचं कारण

कोठीच्या बाजारात रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं आणि अमरदीपचा पाय अधू झाला. भरपाईचा दावा त्याची कॉलेजातली मैत्रीण, वकील शिवानी लढणार होती. तिच्याशी बोलताना तो जसा खुलायचा, तसा बायकोशी कधीच खुलत नसे. प्रणिता आतून जळायची.

शिवानी सहीसाठी आली की प्रणिता दारातूनच सांगायची, "ते झोपलेत. उद्या या." असं करत दाव्याची सहा महिन्यांची मुदत टळली. आता ही बया काही येत नाही, म्हणून प्रणिता खुशीत होती.

दुसऱ्याच दिवशी शिवानी दारात उभी. "वहिनी, परेशान होऊ नका. उशीर माफ करावा म्हणून अर्ज लिहिलाय."

प्रणिताचा चेहरा उतरला. "उशिराचं कारण काय लिहिलंत?"


"पत्नी रात्रंदिवस नवऱ्याची सेवा करत होती, तिला दुसरं काही सुचतच नव्हतं."