तानाबाईंचा हात
तानाबाई वीस वर्षं गारगोटीच्या आसपासच्या वाड्यांवरून जुन्या जीपमधून दूध गोळा करून डेअरीला घालत होत्या. महिनाभर मात्र गिअर पडता पडत नव्हता, दांडा दोन्ही हातांनी ढकलावा लागे. "गाडी धडधाकट हाय, आई. तुझ्या हातातलं बळ गेलंय," मुलगा विश्वजित म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हर ठरवला. तानाबाईंनाही ते खरं वाटू लागलं होतं. तरी एकदा बघून घेऊ म्हणून त्या मुलासोबत श्रीपाल मिस्त्रींच्या गॅरेजात गेल्या. श्रीपालनं इंजिन बंद केलं. "आता टाका बघू." पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर अलगद पडले. इंजिन चालू करताच दांडा पुन्हा अडला. श्रीपाल हसला. "मावशी, हातात बळ नसतं तर बंद गाडीतबी गिअर पडला नसता. क्लचची केबल सैल झालीया. पेडल दाबलं तरी क्लच पुरता सुटत न्हाय, म्हणून इंजिन चालू असलं की गिअर अडतोय." त्यानं जीपखाली शिरून केबल ताणून दिली. तानाबाईंनी क्लच दाबला आणि दोन बोटांनी पहिला गिअर टाकला. क्षणभर त्या स्वतःच्या हाताकडंच बघत राहिल्या. विश्वजित शेजारी येऊन बसला. "चुकलं माझं, आई. चल घरी." "घरी नगं. राधानगरीपातूर जाऊया. लई दिवसांत घाट चढाय मिळाला न्हाय," असं म्हणत त्यांनी जीप रस्त्यावर काढली आणि मुलाला नीट दिसेल असा, सावकाश दुसरा गिअर टाकला.