पप्पांचं जहाज

"पप्पा जहाजावर असतात," ऋतिका बोलून गेली, आणि मग थापेला थाप जोडत बसणं आलंच.

बाकावर शेजारी बसलेल्या सिंथियाने एवढंच विचारलं होतं, की पप्पा काय करतात. खरं उत्तर होतं, गेले. एप्रिलमध्ये, हार्ट अटॅकने. पण दिंडोशीच्या जुन्या शाळेत ते सगळ्यांना कळलं आणि वाट लागली. जो तो 'बिचारी' म्हणायचा. चुकून हसली तरी पोरी टकमका बघायच्या. आईने मामाकडे अंधेरीला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा ऋतिकाने ठरवलं, इथे कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

सिंथिया म्हणजे शाळेजवळच्या ख्रिस्ती गावठाणातली एक नंबरची बडबडी. तिची आई पेट्रिशिया शाळेच्याच ऑफिसात. नवीन मुलांचे घरच्या माहितीचे फॉर्म तीच घ्यायची. लेकीला मात्र काहीही सांगा, खरं वाटायचं. रोज सकाळी दप्तर टेकवायच्या आधी प्रश्न तयार.

"काय गं, कुठे पोचले पप्पा?"

"कोलंबो."

"वादळ लागलं असेल ना?"

"लागलं ना. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात चहा. एक थेंब सांडला नाही."

सिंथिया बाक बडवत हसायची. ऋतिकाही हसायची, आणि कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. खरं तर गोराईच्या खाडीतल्या बोटीतही पप्पांना मळमळायचं. पण रोज त्यांच्याबद्दल बोलायला मिळतंय, याचंच तिला फार बरं वाटायचं.

दोन नोव्हेंबरला गावठाणातली माणसं आपल्या गेलेल्यांच्या कबरी सजवतात. "चल ना, मजा असते," म्हणत सिंथिया तिला संध्याकाळी चर्चच्या कबरस्तानात घेऊन गेली. मजाच होती. फुलं, मेणबत्त्या, ओळखीपाळखीच्या गप्पा. सिंथियाने अर्बन आजोबांच्या कबरीवर झेंडू घातला आणि ऋतिकाला ओढतच मधल्या मोठ्या क्रुसापाशी नेलं. तिथेही मेणबत्त्यांची दाटी होती.

"इथे कोण आहे?" ऋतिकाने विचारलं.

"कुणीच नाही. ज्यांची कबर या कबरस्तानात नाही, त्यांची मेणबत्ती इथे लावतात."

ऋतिकाने घाईघाईने तोंड फिरवलं. आत्ता रडले की संपलं, उद्यापासून इथेही बिचारी.

सिंथियाने पिशवीतून एक नवी मेणबत्ती काढून तिच्या हातात दिली.

"ही तुझ्या पप्पांची. लाव. आणि सुएझच्या पुढे जहाज कुठे गेलं ते सांग, दिवाळीच्या सुट्टीपासून अडकवून ठेवलंयस."