जागं जनुक
मालवणात सुट्टीवर आलेली अक्षदा धाकट्या भावाच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. यतीनचं रक्त जन्मापासूनच नीट गोठत नसे. तोच आजार आपल्याकडून मुलाला जाईल, या भीतीने तिने लग्नाचा विषयच बंद केला होता. तेवढ्यात ती काम करत असलेल्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन आला आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. “काय झाला गो?” “विषाणूच्या हातून आमी पेशीत बरा जनुक धाडतव, पण थोड्या दिवसांनी पेशी तेका गप करता. ह्या खेपेक जनुकाच्या दोनय बाजूंक डीएनएच्या तुकड्यांचा कुंपण घातला. जनुक अजून जागा आसा!” “मगे माका औषद कधी?” “खूप वर्सां लागतली रे.” “लागांदेत. माका नाय, तर तुझ्या झिलाक गावतला,” यतीन म्हणाला. एरवी अशा बोलण्यावर उठून जाणारी अक्षदा हलली नाही. “आणि झील नाय, चेडू झाला तर?” तिने हसून विचारलं.