भिंतीकडे तोंड केलेला संत

"घराचं दार समोर करून ठेवलंस ना?" कॅथरीनने विचारलं.

"सरळ समोर," आल्बर्ट म्हणाला आणि तिच्या शेजारी बाकावर बसला.

संत अंतोनीच्या नोव्हेनेचा, नऊ मंगळवारांच्या प्रार्थनेचा, तो शेवटचा मंगळवार. दर मंगळवारी दोघं गिरगावच्या वाडीतून टॅक्सीने चर्चला यायची. कॅथरीनचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती बाजूच्या फाटकाने उतारावरून आत जाई आणि शेवटच्या बाकावर टेके. पुढच्या फाटकाच्या पायऱ्या, तिथे मेणाच्या वस्तूंची टोपली घेऊन बसणारी जाईबाई आणि संतापुढची रांग, हे सगळं नवऱ्याकडे.

ज्याला जे हवं, त्याचं मेण वाहायचं, अशी रीत. पाय दुखतोय तर मेणाचा पाय, मूल हवंय तर मेणाचं बाळ. कॅथरीनला एकुलता एक कॅल्विन घरात हवा होता. म्हणून मेणाचं घर.

पोराचा कॅनडाचा व्हिसा नाकारला जावा, एवढंच तिचं मागणं. भरवसाही उगाच नव्हता. लग्नाला कितीतरी वर्षं उलटल्यावर कॅल्विन झाला, तो याच संताला मेणाची बाळं वाहून. ज्याने दिला तोच कशाला नेईल?

तिला खरं नवल वाटायचं ते आल्बर्टचं. मिस्सा चालू असताना जन्मभर चर्चबाहेर सिगरेट ओढत उभा राहिलेला हा माणूस मंगळवारी तिच्या आधी बूट घालून तयार. कागदात गुंडाळलेला पुडा दोन्ही हातांनी तान्ह्या पोरासारखा न्यायचा. संतापुढे डोळे मिटून इतका वेळ पुटपुटायचा की मागची रांग खाकरायला लागायची. पोराच्या मायेने माणूस देवाला लागला, असं म्हणून ती मागच्या बाकावर डोळे पुसायची.

तसा आल्बर्ट फारसं काही मागणारा नव्हताच. उभ्या आयुष्यात त्याने ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. लालबागच्या मिरवणुका, माझगावची लग्नं, कुणाकुणाच्या अंत्ययात्रा. रिटायर झाल्यावर घरी निवांत वाजवू म्हणाला, तर कॅल्विन रात्रपाळी करून दिवसभर झोपलेला आणि कॅथरीनचं डोकं दुखलेलं. ट्रम्पेट कपाटावर गेला. आल्बर्टने कधी तक्रार केली नाही. अधूनमधून कपाटाकडे बघायचा, इतकंच.

शुक्रवारी व्हिसा आला.

कॅल्विन नाचत सगळ्या वाडीला सांगून आला. कॅथरीन आतल्या खोलीतल्या आल्तारापाशी, देव्हाऱ्यापाशी, गेली आणि संत अंतोनीचा पुतळा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. ऐकलं नाही की शिक्षा, ही तिच्या आईपासूनची पद्धत.

सकाळी बघते तर संत परत खोलीकडे बघतोय.

"तू फिरवलास?"

"त्या बिचाऱ्याने काय केलंय गं?" आल्बर्ट म्हणाला.

"काही केलं नाही. तेच म्हणतेय मी."

तिने पुन्हा फिरवला. दुसऱ्या दिवशी आल्बर्टने पुन्हा सरळ केला. वर समोर मेणबत्तीही लावली.

जायच्या आधी कॅल्विन म्हणाला, "मम्मी, तुझे पण पेपर टाकतो. ये, राहा माझ्याकडे."

"मी या वाडीतून बाहेर जाईन ती पेटीतूनच," कॅथरीन म्हणाली. पण पोराचं मन मोडवेना. जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आली.

"डॅडी, तुझे?"

"मला थंडी सोसत नाही रे. ओठ फुटतात."

पोरगा गेला. त्याच्या खोलीत चादर अजून चुरगळलेली होती, तोवर कपाटावरून ट्रम्पेट खाली आला. तीनच सूर निघाले असतील.

"आल्बर्ट. डोकं."

ट्रम्पेट वर गेला. आल्बर्ट बराच वेळ कपाटापाशी उभा राहिला.

मंगळवारी तो बूट घालायला लागला.

"आता कशाला?" तिने विचारलं. "नोव्हेना संपली. मिळालं काय ते कळलं."

"सवय लागली गं. तू पड, मी जाऊन येतो."

तेव्हापासून दर मंगळवारी तो एकटाच जाऊ लागला. कॅथरीन घरात पडून, तिने पुन्हा भिंतीकडे फिरवलेल्या संताच्या पाठीकडे बघायची. हळूहळू तिलाच लाज वाटायला लागली. आपण आयुष्यभर प्रार्थना केली आणि एका नकाराने रुसून बसलो. हा काल देवाला लागलेला माणूस, पोरगा गेला तरी जातोय.

एका मंगळवारी तो परत आल्यावर ती एकटी निघाली. संताची माफी मागायची, तर सगळं आपल्या हातांनी करायचं. टॅक्सी पुढच्या फाटकाशी थांबवली आणि कठडा धरून एकेक पायरी चढली.

"एक घर दे," ती जाईबाईला म्हणाली.

"घर नाय हो बाई. साचा तुटला, त्याला वर्ष झालं. नवा केला नाय. आता घर मागायला येतंय कोण?" जाईबाईने टोपलीवरचं फडकं सारलं. पाय, डोळे, बाळं आणि एका बाजूला रांगेने मेणाची विमानं. "हल्ली हीच खपतात."

"माझा नवरा तुझ्याकडूनच घर न्यायचा. उंच, टक्कल, गाल जरा फुगलेले."

"बाजावाले साहेब? त्यांनी कधी घर नाय नेलं. पहिल्या दिवसापास्नं विमानच. पंख नीट बघून घेणार." जाईबाई हसली. "आज सकाळी पण नेलं. मी म्हटलं, साहेब, पोरगा तर गेला, आता कोणाला? तर म्हणाले, आता आमच्या मंडळींना."

पर्समध्ये फोन वाजला. कॅल्विन होता.

"मम्मी, बसली आहेस ना? गुड न्यूज आहे."