आईला फार आवडायचं

एकोणीसशे बासष्ट साली महाडच्या दत्तारामाला शेवंता दुसरेपणावर दिली. माहेर माळकऱ्यांचं. सासरी आल्यावर ती मटण करायला शिकली, खायला मात्र नाही.

सावत्र लेक कुमुद सात वर्षांची. भात चिकट, आमटी पातळ, भाकरी जाड. तिला काहीच चालेना. शेवटी शेवंताने शेजारणीला विचारून पोरीच्या आईसारखं आंबटगोड मटण केलं, चिंच-गूळ घालून. कुमुद उंबऱ्यावर बसून तिच्या हातांवर नजर ठेवून होती.

ताट वाढलं तशी म्हणाली, "आधी तू खा."

"का गं?"

"माझी आई मधेमधे चव बघायची. तू एकदाही बघितली नाहीस. आत्या म्हणते, सावत्र हातचं जपून खावं."

शेवंताने ताटाकडे बघितलं. आपण मटण खात नाही म्हणावं, तर पोरीला ते निमित्तच वाटणार. आणि आज ताट परत गेलं, तर पोरही कायमची दुरावणार. तिने डोळे मिटून एक तुकडा तोंडात टाकला आणि कसाबसा गिळला.

"आंबट झालंय गं," ती म्हणाली.

"मग गूळ घाल ना, आई," म्हणत कुमुदने ताट पुढ्यात ओढलं.

दत्ताराम लवकर गेला. आत्याचं येणंजाणं तुटलं. शेवंता शेवटपर्यंत कुमुदसोबत मटण जेवली. कुमुद आता आजी झाली आहे. पितृपक्षात शेवंताच्या नावाने पान वाढते, त्यात मटण ठेवते आणि नातवंडांना सांगते, "आईला फार आवडायचं."